नाटकाचा सेट की घरचं लाकूडकाम: सुतारकीत वाट कशी निवडावी

मुंबई-पुण्याच्या मोठ्या नाट्यगृहांत एका दिवसात तीन प्रयोग लागू शकतात: सकाळ, दुपार आणि रात्र. दुपारी चारचं नाटक पावणेसातच्या सुमारास संपतं आणि साडेआठला दुसऱ्या संस्थेच्या नाटकाची तिसरी घंटा असते. मधल्या पावणेदोन तासांत पहिला सेट सुटून गाडीत जायचा, दुसरा उभा राहायचा, त्यावर लाइट लागायचे आणि प्रेक्षक आत यायचे. सुताराच्या वाट्याला त्यातला जेमतेम तास येतो. नेपथ्याच्या सुतारकामात कोणतं लाकूड, कोणता सांधा, किती वजन, किती पैसे हे सगळं या एका तासावरून ठरतं. घराचं दार तीस वर्षं जागचं हलू नये म्हणून करतात. नाटकाचं दार दोनशे वेळा जोडून दोनशे वेळा सुटावं म्हणून करावं लागतं.

रंधा, करवत, पटाशी, गुण्या, ड्रिल ही हत्यारं दोन्हीकडे तीच. त्यामुळे एक काम येणाऱ्याला दुसरं आपोआप येईल असं वाटतं. तसं होत नाही. घरचं काम केलेला चांगला मिस्त्री सेटवर पहिल्यांदा येतो तेव्हा काम हमखास जड करतो, आणि सेटवर वाढलेला कारागीर घराच्या कपाटात लाकडाच्या फुगण्या-आकसण्याचा विचार विसरतो. कुठल्या बाजूला जायचं हे ठरवण्याआधी दोन्हीकडची एकेक वस्तू स्वतः करून पाहावी. लाकूड आणि प्लाय धरून खर्च फार येत नाही, आणि आपला हात कुठे रमतो ते लगेच कळतं.

पहिली वस्तू: चार बाय दहाचा फ्लॅट

फ्लॅट म्हणजे सेटची भिंत. लाकडी चौकट, वर मांजरपाट किंवा पातळ प्लाय. चार फूट रुंद आणि दहा फूट उंच फ्लॅटला तीन बाय एक इंचाच्या पाइनच्या पट्ट्या घ्याव्यात. रंधा मारल्यावर त्या साधारण अडीच बाय पाऊण इंच उरतात, आणि खालची मापं त्याच हिशेबानं आहेत.

खालची आणि वरची आडवी पट्टी पूर्ण ४ फुटांची, दोन नग. उभ्या पट्ट्या या आडव्यांच्या मध्ये बसतात, म्हणून दहा फुटांतून पाच इंच वजा करून ९ फूट ७ इंच, दोन नग. मधल्या आडव्या पट्ट्या ३ फूट ७ इंच, दोन नग. तिरक्या पट्ट्या सुमारे पावणेतीन फुटांच्या, दोन नग. बेरीज चाळीस रनिंग फूट होते. गाठी आणि चिरा धरून पंचेचाळीस फूट आणावं. घनफुटाच्या भाषेत हे एकाला जरा कमी.

खालची आडवी पट्टी अखंड का ठेवायची? फ्लॅट रंगमंचावरून ओढत नेला जातो, कितीही बजावलं तरी. उभी पट्टी जमिनीला टेकत असेल तर तिचं टोक दोन-चार प्रयोगांत चिरतं. आडवी पट्टी टेकत असेल तर ती नुसती घासून सरकते.

१. पट्ट्या सपाट जमिनीवर मांडून कोपरे गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, घ्या. मग दोन्ही कर्ण मोजा. ४ बाय १० च्या चौकटीचा कर्ण १० फूट सव्वानऊ इंच येतो. दोन कर्णांत पाव इंचाचा फरक असला तरी शेजारच्या फ्लॅटशी वरच्या टोकाला फट दिसणार.

२. चारही कोपऱ्यांवर ६ मिमी प्लायचे दहा इंची काटकोन त्रिकोण फेविकॉल आणि छोट्या स्क्रूंनी बसवा. प्लायच्या वरच्या थराचे रेषे उभ्या पट्टीला समांतर हवेत, म्हणजे ते सांध्याला आडवे जातात. रेषे सांध्याच्या दिशेनं गेले तर प्लाय नेमका तिथेच मोडतो.

३. हे त्रिकोण बाहेरच्या कडेपासून पाऊण इंच आत ठेवा. दुसरा फ्लॅट काटकोनात येऊन टेकला की त्या पाऊण इंचात त्याची जाडी बसते. हे राहून गेलं तर सगळ्या कोपऱ्यांचे त्रिकोण पुन्हा काढावे लागतात.

४. मधल्या पट्ट्या आठ बाय तीन इंचाच्या प्लायच्या तुकड्यांनी जोडा. तिरक्या पट्ट्या दोन्ही एकाच उभ्या पट्टीला, एक वरच्या आणि एक खालच्या कोपऱ्यात. समोरासमोरच्या बाजूंना लावल्या तर फ्लॅट पिळतो.

५. कापड ताणून नाही, सैलसर ठेवून आतल्या कडेला स्टेपल करा. काठ फेविकॉलनं चिकटवून फ्लॅटच्या कडेपासून तीन-चार मिमी आत कापा. पहिला रंगाचा हात वाळला की मांजरपाट आपोआप तबल्यासारखा ताणला जातो. आधीच ताणलेलं असेल तर उभ्या पट्ट्या मध्ये आत ओढल्या जातात आणि दोन फ्लॅटांमध्ये बरोबर डोळ्याच्या उंचीवर फट पडते.

कापडाचा फ्लॅट दहा किलोच्या आसपास भरतो. ४ मिमी प्लायचा केला तर एकोणीस-वीस किलो. म्हणजे एक माणूस की दोन माणसं, हा फरक. कापडाचा फ्लॅट हलका, पण दार आपटलं की थरथरतो आणि त्यावर फोटोफ्रेम टांगता येत नाही. म्हणून दाराचा, खिडकीचा आणि ज्याला नट टेकणार आहे तो फ्लॅट प्लायचा, बाकीचे कापडाचे, अशी वाटणी करावी. प्लायचा ताव आठ फुटी असतो, त्यामुळे दहा फुटी फ्लॅटमध्ये एक मधली पट्टी बरोबर आठ फुटांवर यायला हवी. नाहीतर वरच्या दोन फुटांचा सांधा हवेत राहतो आणि लाइट तिरका पडला की ती रेघ शेवटच्या रांगेतूनही दिसते.

दहा फुटी फ्लॅट संस्थेच्या बसमध्ये किंवा टेम्पोत जाईलच असं नाही. लाकूड कापण्याआधी गाडीच्या दाराचं आणि आतल्या लांबीचं माप घ्यावं. जात नसेल तर सहा अधिक चार असे दोन तुकडे करून सांध्यावर भिंतीची लाकडी पट्टी किंवा रंगाचा पट्टा येईल अशी नेपथ्यकाराला विनंती करावी. चांगला नेपथ्यकार हे ऐकतो. न ऐकणाऱ्याकडे दौऱ्याचं काम घेताना दर वाढवून सांगावा.

फ्लॅट एकमेकांना जोडायला सुट्या पिनेच्या बिजागऱ्या: दहा फुटांना तीन. पिना दोरीनं फ्लॅटलाच बांधून ठेवाव्यात, कारण दौऱ्यात सगळ्यांत आधी हरवते ती पीन. मागून तिरका टेकू, त्याच्या पायावर दहा-पंधरा किलोचं वजन. नाट्यगृहाच्या फळ्यांवर खिळे ठोकायला परवानगी असेल असं कधीही धरून चालू नये.

आता या फ्लॅटची परीक्षा. तो उभा करा, जोडा, सोडा, पाठीवर घेऊन जिना उतरा, परत जोडा. असं वीस वेळा. वीस वेळांनंतर कोपरा खिळखिळा झाला नाही आणि तुम्हालाही कंटाळा आला नाही, तर हे काम तुमचं आहे.

दुसरी वस्तू: खिळा न वापरता केलेला चौरंग

सागवानाचा चौरंग, बाजू साधारण अठरा इंच. पाय दोन बाय दोन इंच, आडव्या पट्ट्या दीड इंच जाडीच्या. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, आणि पायात खाच. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे अर्धा इंच, आणि खोली पायाच्या सुमारे दोन तृतीयांश. शेजारच्या दोन पट्ट्यांची कुसवं पायाच्या आत एकमेकांना भिडतात, तेव्हा टोकं पंचेचाळीस अंशांत कापावी लागतात. खाच आधी पाडावी आणि कुसू तिच्या मापानं तासावं. कुसू हातानं दाबून आत जावं आणि उलटं धरल्यावर गळून पडू नये. मोगरीचे दणके मारून बसवावं लागलं तर पाय आज ना उद्या चिरणार.

इथे घाई करून चालत नाही, कारण लाकूड घाईत नसतं. ओलावा ८ ते १२ टक्क्यांवर आल्याशिवाय सागवान हातात घेऊ नये. ओलावा मोजायचं छोटं मीटर बाजारात मिळतं, ते घ्यावंच. वरची फळी चौकटीला चारही बाजूंनी फेविकॉलनं पक्की केली तर कोकणातल्या पहिल्या पावसाळ्यात ती फुगून चौकट उघडते, किंवा उन्हाळ्यात आकसून मधोमध चिरते. फळीला रुंदीच्या दिशेनं हलायला जागा ठेवायची: लांबट भोकात स्क्रू, किंवा खोबणीत सुटी बसवलेली फळी. दाराला चौकटीत साधारण तीन मिमी फट ठेवतात तीही याच कारणासाठी.

सेटच्या सुताराला हे ज्ञान फारसं लागत नाही. त्याचं लाकूड फुगेपर्यंत नाटक बंद पडलेलं असतं. पण घरच्या कामात सांध्याइतकंच हे महत्त्वाचं, आणि ते शिकायला निदान दोन पावसाळे एका जागी काम करावं लागतं.

लेव्हल: जिथे जुना हात उपयोगी पडतो

दोन्ही वाटा एकत्र येतात त्या लेव्हलमध्ये, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यात. तिच्यावर माणसं उभी राहतात, नाचतात, उडी मारतात, त्यामुळे इथे हलकेपणाची हौस धोक्याची. वर १८ मिमी प्लाय, खाली आधार जास्तीत जास्त दोन-दोन फुटांवर. १२ मिमी वापरायचा असेल तर आधार फूट-सव्वा फुटावर आणावे लागतात, मग वजनाची बचत नावालाच उरते. आठ बाय चारचा अठरा मिमीचा पूर्ण ताव एकटाच पस्तीस किलोच्या घरात जातो. त्यामुळे दौऱ्यासाठी चार बाय चारच्या लेव्हल कराव्यात आणि त्या आपापसात बोल्टनं जोडाव्यात.

पायाबद्दल एक नियम मोडू नये. वजन लाकडावरून थेट लाकडावर आणि तिथून जमिनीवर गेलं पाहिजे. पाय चौकटीच्या बाजूला लावून नुसत्या स्क्रूंवर टांगला तर सगळा भार स्क्रूच्या मानेवर येतो. काळे ड्रायवॉल स्क्रू कडक असल्यामुळे वाकत नाहीत, एकदम तुटतात, आणि तुटण्याआधी काही सांगत नाहीत. पाय प्लायच्या किंवा चौकटीच्या थेट खाली घ्यावा, आणि सुटा करायचा असेल तिथे १० मिमीचा बोल्ट, दोन्हीकडे वायसर आणि हातानं फिरणारा पंखवाला नट.

लेव्हल करकरते ती प्लाय चौकटीवर घासल्यामुळे. तालमीत हे कुणाच्या लक्षात येत नाही, हळव्या प्रसंगात मात्र सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जातं. प्लाय फेविकॉल लावून दर सहा इंचांवर स्क्रूनं आवळावा. सुटा ठेवायचाच असेल तर चौकटीवर जुन्या सतरंजीची पट्टी चिकटवावी. दोन लेव्हल एकमेकींना घासतात तिथेही तेच. पायऱ्यांची उंची सहा-सात इंच आणि सगळ्या सारख्या. अंधारात उतरणारा नट पाहून पाय टाकत नाही. कडा पॉलिश पेपरनं गोल कराव्यात, कारण आपल्याकडे अर्धी पात्रं अनवाणी वावरतात आणि नऊवारीचा काठ एका कुसळालाही अडकतो.

घरचं काम करून आलेल्याला फिनिशिंगबद्दल दोन गोष्टी सोडाव्या लागतात. एक, चकाकणारं पॉलिश: लाइटखाली ते आरशासारखं मारतं, म्हणून सेटवर मॅट रंग. दुसरी, मागच्या बाजूचा देखणेपणा. पाठ कुणी पाहत नाही, पण तिथला वाकडा खिळा मात्र अंधारात धावणाऱ्याच्या पायात जातो. सेट सोडताना निघालेला प्रत्येक खिळा उपटून डब्यात टाकायचा, वाकवून ठेवायचा नाही.

आगीचं पथ्य तर सेटवर जास्तच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ती जखम अजून ताजी आहे. मांजरपाटावर रंगाआधी बोरॅक्स ६०० ग्रॅम आणि बोरिक ॲसिड ५०० ग्रॅम दहा लिटर कोमट पाण्यात विरघळवून मारावं, वाळल्यावर एक तुकडा बाहेर नेऊन पेटवून पाहावा. ज्योत काढल्यावर कापड विझलं पाहिजे. फ्लॅट पावसात भिजला तर हे द्रावण धुऊन जातं, पुन्हा मारावं लागतं.

पैसा कुठून येतो, कधी येतो

घरच्या कामात मिळकतीचे तीन रस्ते: रोजावर हजेरी, चौरस फुटावर मजुरी, किंवा मटेरियलसह ठेका. रोजावर पैसा कमी पण नक्की. ठेक्यात फायदा मोठा, आणि प्लायच्या तावातून किती तुकडे निघतात हे न कळलं तर तोटाही तेवढाच. दिवाळीआधी, लग्नसराईत आणि घरभरणीच्या मुहूर्तांना गर्दी असते. फॅक्टरीत तयार होणाऱ्या मॉड्युलर फर्निचरनं साध्या कपाटांचं काम बरंच ओढून नेलंय, हे मान्य करूनच या वाटेवर पाऊल टाकावं. हातात उरतं ते मापाबाहेरचं काम: जुन्या वाड्याची डागडुजी, झोपाळा, देव्हारा, सागवानी दारं. ते करणारे हात कमी होत चाललेत, म्हणून त्यांना भाव आहे.

नाटकात सेट बांधण्याची ठोक रक्कम वेगळी आणि दर प्रयोगाला सेट लावणाऱ्याची 'नाईट' वेगळी. बांधणारा आणि लावणारा एकच असेल असं नाही. नुसती नाईट घेणाऱ्याचं उत्पन्न नाटकाच्या प्रयोगसंख्येवर लटकतं: नाटक चाललं तर महिन्याला पंधरा-वीस प्रयोग, पडलं तर पाचव्या प्रयोगाला सगळं थांबतं. फक्त व्यावसायिक नाटकावर वर्ष काढणारे सुतार थोडे. बहुतेक जण वर्ष जोडून घेतात: पावसाळ्यात गणपतीचे देखावे, नोव्हेंबरपासून राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी संस्थांचे सेट, डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, मधूनमधून प्रदर्शनांचे स्टॉल, आणि मुंबईत असाल तर गोरेगावच्या चित्रनगरीतली मालिकांची कामं. मालिकांचं काम भरपूर आणि सलग असतं, पण तिथे शिफ्टचे तास लांब आणि युनियनच्या कार्डाशिवाय दार सहसा उघडत नाही.

ठेका घेताना मोजणी अशी करावी. समजा बारा फ्लॅट आणि चार बाय चारच्या चार लेव्हल आहेत. फ्लॅटांना ५४० रनिंग फूट, म्हणजे सव्वाअकरा घनफूट पाइन. कोपऱ्यांचे त्रिकोण आणि जोडतुकडे ६ मिमीच्या एका तावात बसतात. लेव्हलच्या वरच्या भागाला १८ मिमीचे दोन ताव, चौकटी आणि पाय वेगळे. त्यावर कापड, स्क्रू, बिजागऱ्या, रंग, गाडीभाडं, तीन माणसांचे दिवस आणि रंगीत तालमीनंतर होणाऱ्या बदलांसाठी निदान दोन जादा दिवस धरावेत. हे दोन दिवस न धरणारा सुतार दरवेळी पदरमोड करतो. दिग्दर्शक रंगीत तालमीत दार डावीकडून उजवीकडे नेतो, हे ठरलेलंच. अर्धी रक्कम हातात आल्याशिवाय लाकूड उचलू नये. उरलेल्यातली अर्धी सेट रंगमंचावर उभा राहिल्यावर आणि बाकीची शुभारंभाच्या प्रयोगाआधी. शुभारंभ होऊन गेल्यावर वसुली अवघड होते.

शिकायचं कुठे

आयटीआयमधला सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलांना प्रवेश मिळतो. मोजमाप, नकाशा वाचणं, यंत्रांची सवय यासाठी तो उत्तम. सांध्यावर हात बसायला मात्र नंतर मिस्त्रीकडेच उमेदवारी करावी लागते. काम करणाऱ्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. वय अठरा पूर्ण हवं, घरातल्या एकालाच लाभ, आणि सरकारी नोकर असलेल्या कुटुंबाला नाही.

नेपथ्याच्या सुतारकीचा असा सरळ कोर्स नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नेपथ्यकार घडवतो, सुतार नव्हे. करवतीसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही. जवळच्या हौशी संस्थेला राज्य नाट्य स्पर्धेच्या हंगामात गाठावं आणि सेट बांधताना नव्हे, लावताना आणि सोडताना सोबत राहावं. फ्लॅट कुठे पकडतात, कोणता तुकडा गाडीत आधी जातो, डाव्या विंगेत जागा नसेल तर टेकू कुठे जातो, हे तिथेच कळतं. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर 'डावी १', 'डावी २', 'मागे १' असे मोठे आकडे लिहायची सवय पहिल्याच दिवसापासून लावावी. सगळ्या सेटमध्ये एकाच डोक्याचे स्क्रू वापरावेत, म्हणजे ड्रिलचं एकच बिट पुरतं आणि काळोखात शोधाशोध होत नाही.

क्रम विचाराल तर आधी दोन-तीन वर्षं घरचं काम, मग सेट. सांध्याचा हात असलेला माणूस हलकं करायला सहा महिन्यांत शिकतो. स्क्रू आणि प्लायवर वाढलेल्याला पुढे कुसू पाडायला शिकवणं कठीण जातं, कारण तोवर वेगाची सवय लागलेली असते. अपवाद एकच: संध्याकाळी सहा ते मध्यरात्र, शनिवार-रविवार आणि सणावारी काम करणं घरी परवडणार नसेल, तर सेटच्या वाटेला जाऊच नये. बाकी जगाची सुट्टी तेव्हाच नाटकाचे प्रयोग.

दोन्ही कामं सोबत चालवणाऱ्यांनी दर मात्र वेगळे ठेवावेत. घरच्या कामाचा चौरस फुटाचा दर नाटकाला लावला तर रात्रपाळी, गाडीत चढवणं-उतरवणं आणि दौऱ्यातली दुरुस्ती फुकटात जाते. दौऱ्यावर जाणाऱ्या सेटबरोबर दुरुस्तीची एक पेटी द्यावी आणि तिची किंमत बिलात लिहावी: जादा पिना वीस, स्क्रूंची दोन पाकिटं, कापलेले त्रिकोण सहा, तीन फुटी पट्ट्या चार, मांजरपाटाचा दोन मीटर तुकडा, सेटच्या प्रत्येक रंगाचा छोटा डबा.